डब्यातली गांडुळं आणि आप्पांचा फोन

माझ्या मोबाइलमध्ये आप्पांशी झालेल्या बोलण्यांची यादी आहे. 42 सेकंद. 1 मिनिट 5 सेकंद. 38 सेकंद. "बरा हाईस न्हवं?" "हो, तुम्ही?" "बरा हाय. जेवलास?" "जेवलो." "बरं, आईकडं देतो." बहारीनला येऊन नऊ वर्षं झाली आणि आम्हा बापलेकांचं बोलणं असं मिनिटभरात आटपतं. ज्यांचे वडील गावाकडे आहेत त्यांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच यादीत मागच्या ऑक्टोबरातला एक कॉल आहे, 27 मिनिटांचा. घरात काही वाईट घडलं नव्हतं. जमिनीचा वाद नव्हता की कोणाचं लग्न नव्हतं. विषय होता गांडुळाची अंडी!

सुरुवातीपासून सांगतो.

आमचं बिऱ्हाड ईसा टाउनला, दुसऱ्या मजल्यावर. हे गाव तसं माझ्या आप्पांपेक्षाही वयाने लहान. 1968 मध्ये वसलेलं, आखीव रस्त्यांचं, तेव्हाचे शासक शेख ईसा बिन सलमान अल खलिफा यांच्या नावाचं. इंडियन स्कूलचा मोठा कॅम्पस इथेच, त्यामुळे भारतीय कुटुंबं भरपूर. गावातला 'सूक शाबी' म्हणजे आपला जुना बाजार. तिथे सेकंडहँड फ्रिजपासून पक्ष्यांच्या पिंजऱ्यापर्यंत काहीही मिळतं. एकेकाळी लाखो खजुराच्या झाडांचा देश म्हणून बहारीनची ओळख होती. आता गोड्या पाण्याचे जुने झरे आटलेत, नळाला येतं ते मुख्यतः समुद्राचं गोडं केलेलं पाणी. अशा ठिकाणी मूठभर चांगली माती मिळणंही मुश्कील. बायकोने बाल्कनीत लावलेली तुळस तीनदा गेली. चौथ्यांदा ती म्हणाली, "मातीतच दम नाही. काहीतरी खत बघ."

आणि घरात रोज ओला कचरा निघतच होता. मेथीच्या काड्या, दुधीची सालं, चहाचा चोथा, कलिंगडाच्या फोडी. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खाली कचरापेटीत, तिथून पुढे अस्करच्या कचरा डेपोवर. एका बाजूला खत विकत आणायचं आणि दुसऱ्या बाजूला खताचा कच्चा माल पिशवीत बांधून फेकायचा. डोक्यात हा हिशोब बसेना.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक मल्याळी गृहस्थ राहतात. वयाने मोठे, सगळे त्यांना चेट्टन म्हणतात. गच्चीवर त्यांचा कढीपत्ता, मिरच्या आणि शेवगा मजेत उभा असतो. गुपित विचारलं तर त्यांनी स्टोअररूममधलं एक टब दाखवलं. आत गांडूळखत. मी थोडी गांडुळं मागितली. त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा अर्धा भरून काळं खत दिलं. मी उकरून बघितलं, एकही गांडूळ नाही!

"चेट्टन, वर्म्स?"

"वर्म्स नहीं. अंडा है. घर बनाओ, वो खुद निकलेगा."

मग त्यांनी चिमटीत एक दाणा धरून दाखवला. मोहरीपेक्षा थोडा मोठा, मधासारख्या रंगाचा, दोन्ही टोकांना निमुळता. अगदी इवलंसं लिंबू. हा गांडुळाचा कोष, म्हणजे कोकून.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कुठलीही गोष्ट एका वीकेंडला सेटअप करून मोकळं व्हायची सवय. मे महिन्यातला शुक्रवार होता. सूक शाबीतून झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणला, भोकं पाडली, दोन दिवसांचा सगळा ओला कचरा भरला, वर चेट्टनचं खत पसरलं, पाणी शिंपडलं आणि डबा बाल्कनीत ठेवला. दोन तासांत काम फत्ते. लेकीने डब्यावर मार्करने 'गांडूळ हाउस' असं लिहिलं.

पुढचं मंडळींनी ओळखलंच असेल. चौथ्या दिवशी वास. सहाव्या दिवशी चिलटं. दहाव्या दिवशी दुपारी आत थर्मामीटर घातला तर 41 अंश! तळाला काळं पाणी, कडेला सुकलेला कचरा, आणि मधासारखे ते दाणे चुरमुरल्यासारखे झालेले. डबा रिकामा करून धुताना बायको एवढंच म्हणाली, "यापुढे वास आला तर डबा बाहेर. आणि डब्यामागोमाग तू."

इथेच हे प्रकरण संपलं असतं. पण ऑक्टोबरात एका शुक्रवारी आप्पांच्या त्या ठरलेल्या मिनिटभराच्या बोलण्यात लेक मध्येच घुसली आणि म्हणाली, "आप्पाआजोबा, बाबाने सगळी गांडुळं मारली!"

पलीकडे शांतता. मग आप्पा म्हणाले, "आईकडं नको देऊस. काय केलंस त्ये सांग आधी."

इथे थोडं आप्पांविषयी सांगायला हवं. आमचं गाव कराडजवळ, कृष्णाकाठचं. आप्पांची शेती उसाची. मी बारावीत असताना ते कृषी खात्याच्या एका शिबिराला गेले आणि येऊन गोठ्याशेजारी शेड उभारलं. बांबूचे खांब, वर पाचटाचं छप्पर, खाली 3 फूट रुंदीचे वाफे. शेण, पाचट, पालापाचोळा आणि वर ओलं गोणपाट. तो काळ गांडूळखताच्या बोलबाल्याचा होता. पुण्यात डॉ. उदय भवाळकरांचं गांडुळांवरचं काम लोकांच्या तोंडी असायचं. आज पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पासाठी मिळकतकरात सवलत देते, तेव्हा ते शहरातही रुळलंय. पण तेव्हा गावात लोक हसायचे. मीही हसायचो, खरं तर लाजायचो. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर वडील काय करतात असं विचारलं तर 'शेती' म्हणायचो, गांडुळांचं नाव काढायचो नाही. त्या खताच्या गोण्या विकून माझ्या दोन वर्षांच्या मेसचे पैसे भरले गेले, हे मला आईने फार उशिरा सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी आप्पा न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. चालतात, पण काठी घेऊन. शेत चुलतभावाला वाट्याने दिलं. शेड तसंच पडून राहिलं. आणि आप्पांचं बोलणं, जे आधीही कमीच होतं, ते मिनिटावर आलं. बोलायला विषयच उरला नव्हता.

तर त्या दिवशी मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, "आरं, ताजं शेण घातलं तरी गांडूळ मरतं. तू तर नुसता कचराच कोंबलास. ढीग आधी तापतो, मग निवतो. निवल्याबिगर त्यात जीव सोडायचा न्हाई. आणि अंडी होती म्हणतोस, त्यास्नी खायला घालायची घाई कशापायी? जी जन्मालाच आली न्हाईत त्यांचं जेवण मांडून बसलास!"

माझ्या चुकीचं याहून नेमकं वर्णन मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने नर्सरीतून आणलेल्या कुंडीत सापडलेल्या पिवळसर दाण्यांचा फोटो पाठवला. मला वाटलं, अरे वा, इथेच कोष मिळाले! आप्पांचा उलटा फोन आला. त्यांनी स्वतःहून केलेला, कित्येक महिन्यांनी. "एकसारखं गोल हायेत सगळे. टोक कुठाय? नखानं चेपून बघ." चेपलं तर आतून पांढरट पातळ पदार्थ निघाला. हळूहळू विरघळणाऱ्या रासायनिक खताच्या गोळ्या होत्या त्या. नवख्या माणसाची ही चूक नेहमीची आहे म्हणून सांगून ठेवतो. कोष लिंबासारखा, टोकं असलेला असतो. लांबी 2 ते 4 मिलिमीटर. ताजा असताना फिकट पिवळा, मग तपकिरी, आणि पिल्लं बाहेर यायच्या सुमाराला तांबूस. उजेडाकडे धरलं तर कधीकधी आतला लालसर दोरा हलताना दिसतो.

हा कोष तयार कसा होतो तेही मजेशीर आहे. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही. मोठं झालं की त्याच्या अंगावर खोगिरासारखी जाडसर पट्टी येते. मीलनानंतर त्या पट्टीतून एक चिकट कडं तयार होतं आणि आपण गळ्यातून स्वेटर काढावा तसं गांडूळ मागे सरकत त्यातून बाहेर पडतं. कड्याची दोन्ही तोंडं मिटतात, झाला कोष. खतासाठी सगळीकडे वापरतात त्या आयसेनिया फेटिडा जातीच्या एका कोषातून साधारण दोन-तीन पिल्लं निघतात. 25 अंशांच्या आसपास तापमान असेल तर तीन-साडेतीन आठवडे लागतात, थंडी असेल तर जास्त.

गंमत म्हणजे ही जात मूळची युरोपातली. आपल्याकडे वापरतात ती दुसरी, युड्रिलस युजेनी, पश्चिम आफ्रिकेतली. म्हणजे ज्यांच्या जिवावर महाराष्ट्रात एवढं गांडूळखत तयार होतं, तीही आपल्यासारखी परदेशस्थच! आपल्या मातीतल्या गांडुळांना मराठीत दानवे, शिदोड, वाळे अशी नावं आहेत, पण शेतात खोल राहणारी गांडुळं डब्यात रमत नाहीत. डब्यासाठी कचऱ्याच्या वरच्या थरात राहणारीच जात हवी.

आप्पा एकदा म्हणाले, "सुट्टीला आलास की पिशवीभर घेऊन जा माझ्याकडनं." मोह झाला. पण माती आणि जिवंत प्राणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं बरोबर नाही. मातीबरोबर रोग आणि किडीही प्रवास करतात. त्यापेक्षा आपल्या गावात कोणाकडे डबा आहे ते शोधावं. मी पुन्हा चेट्टनकडे गेलो आणि काय झालं ते खरं सांगितलं. ते हसले आणि पुन्हा डबा भरून दिला.

मोठी गांडुळं सोडून कोषच का? चेट्टनचं उत्तर साधं होतं. मोठी गांडुळं जागा बदलली की बिथरतात, पहिल्या रात्री डब्यातून पळ काढतात. डब्यातच जन्मलेल्या पिल्लांना मात्र तोच डबा माहेर. शिवाय देणाऱ्याचा कळप मोडत नाही. आणि कोष हे टिकाऊ असतात. मोठं गांडूळ कातडीने श्वास घेतं, अंग सुकलं की संपलं. कोष मात्र थोडी कोरड, थोडी थंडी सोसून वाट बघू शकतो. एक मात्र आहे, उन्हात भाजून निघाला तर तोही जात नाही असं नाही. ते मी मे महिन्यात सिद्ध केलंच होतं.

या वेळी सगळं आप्पांच्या क्रमाने केलं. आधी घर, मग पाहुणे.

घर म्हणजे मासळीबाजारातून आणलेली थर्मोकोलची पेटी. थर्मोकोलमुळे आतलं तापमान पटकन वरखाली होत नाही. पेटी साबणाशिवाय नुसत्या पाण्याने चार वेळा धुऊन उन्हात वाळवली. वरच्या बाजूला हवेसाठी भोकं, त्यावर आतून जाळी. तळाला दोन भोकं आणि खाली ताटली. जागा बाल्कनीऐवजी वॉशिंग मशीनशेजारची, जिथे एसीची हवा पोहोचते आणि ऊन पोहोचत नाही.

अंथरूण म्हणजे पार्सलच्या खोक्यांचे हाताने फाडलेले तुकडे (चिकटपट्टी काढून), साधा वर्तमानपत्राचा कागद आणि नारळाच्या काथ्याचा भुसा. हा भुसा विटेसारखा दाबून मिळतो. त्यात कधीकधी मीठ असतं आणि गांडुळांना मीठ अजिबात चालत नाही, म्हणून तो तीन पाण्यांनी धुतला. नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवून मग वापरलं, क्लोरीन उडून जातं. त्यात चेट्टनचं थोडं जुनं खत, आणि वाळवून मिक्सरमधून बारीक केलेली अंड्याची टरफलं. गांडुळाला दात नसतात. कोंबडीसारखी पोटात पेषणी असते, तिथे अन्न दळायला असा कण लागतो.

ओलावा किती हवा? मी त्यासाठी सेन्सर मागवला होता. तापमान, आर्द्रता, सगळं मोबाइलवर, दर दहा मिनिटांनी आलेख. आप्पांना मोठ्या कौतुकाने दाखवला. ते म्हणाले, "मूठ वळून बघ की. एखाद-दुसरा थेंब पडला तर बरोबर. धार लागली तर जास्त. काहीच पडलं न्हाई तर कमी." सेन्सर हवेतली आर्द्रता मोजत होता, अंथरुणातली नव्हे, हे मला दोन दिवसांनी कळलं. तेव्हापासून मूठच वळतो.

हे अंथरूण भरून मी दोन आठवडे पेटी तशीच ठेवली. तापलंच तर तापून निवू दे, बुरशी-जिवाणू रुजू देत. गांडूळ खरं तर नुसता कचरा खात नाही. कुजणाऱ्या कचऱ्यावरच्या या सूक्ष्म जीवांवरही ते पोसतं. ते नसतील तर पिल्लं जन्माला येऊन उपाशी राहणार.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चेट्टनचं खत रव्याच्या चाळणीतून चाळलं. (ती चाळण त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार.) भुगा खाली गेला, दाणे वर राहिले. लेकीने ओल्या बोटाने एकेक उचलून मोजले. 58. अंथरुणात मध्यभागी दोन इंच खोल एकाच जागी ठेवले, म्हणजे पिल्लं निघाली की एकमेकांच्या जवळ राहतील. वर ओलं सुती फडकं, गोणपाटाच्या जागी. आणि खायला? काही नाही. फक्त एका कोपऱ्यात केळीच्या सालीचा आधी फ्रीझरमध्ये ठेवून मऊ केलेला तुकडा, तोसुद्धा तिसऱ्या आठवड्यात.

मग वाट बघणं. आमच्या धंद्यात काही बदल केला की लगेच दिसतं, चाललं की नाही. इथे काही म्हणजे काहीच दिसत नाही. मी रोज रात्री फडकं उचलायचो, चमच्याने उकरायचो, दाणे बघायचो, झाकायचो. अकराव्या दिवशी आप्पांनी व्हिडिओवर ते बघितलं.

"शाळू पेरल्यावर बी रोज उकरून बघतोस व्हय, मोड आलाय का म्हणून?"

"पण आप्पा, आत काय चाललंय कळत नाही ना."

"तुला कळून काय हुणार? त्यांचं त्यास्नी कळतंय. ओल ठेव, सावली ठेव आणि गप ऱ्हा."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ पेटीपाशी बसून राहिलो. बारावीनंतर मला शहरात पाठवून आप्पा नेमके असेच गप्प राहिले होते. कधी मार्क विचारले नाहीत, कधी 'परत ये' म्हणाले नाहीत. मी समजत होतो, त्यांना माझ्या जगात रस नाही.

बायकोला या गप्प बसण्याच्या काळात डार्विनची गोष्ट सांगितली. चार्ल्स डार्विनने उत्क्रांतीवर लिहिलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर होतं, 1881 मध्ये आलेलं, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. त्याने घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवून प्रयोग केले. त्यांना ऐकू येतं का हे बघायला घरात पियानो वाजवला, मुलाने बसून नावाचं फुंकवाद्य वाजवलं. गांडुळांना ढिम्म फरक पडला नाही. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा ती झटकन बिळात गेली. आवाज नाही, कंपन कळतं. बायको म्हणाली, "म्हणजे आपली पेटी वॉशिंग मशीनशेजारी नको." ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं! पेटी पलंगाजवळच्या कोपऱ्यात गेली. सासरी आलेल्या गांडुळांसाठी आमच्या बेडरूममध्ये जागा झाली ती अशी.

चोविसाव्या दिवशी लेकीने केळीची साल उचलली आणि ओरडली, "बाबा, हा दोरा हलतोय!" भिंगातून बघितलं. जेमतेम अर्धा इंच, पांढरट, आणि पारदर्शक अंगातून जाणारी लाल रेघ. शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा जणू. एकाशेजारी दुसरा. सालीखाली सात. कराडला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, आप्पा नऊला झोपतात. आईने उठवलं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन नाकाशी धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाकून ठेव. उजेड सोसत न्हाई त्यास्नी."

आता ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी थोडा रोखठोक हिशोब. 58 कोष म्हणजे सगळे फुटले तरी सव्वाशे-दीडशे पिल्लं. काही फुटत नाहीत. पिल्लू मोठं होऊन स्वतः कोष घालू लागायला आणखी दोनेक महिने. मोठं गांडूळ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि रोज साधारण वजनाच्या निम्म्याइतकं खातं. म्हणजे पहिले चार-पाच महिने तुमची पेटी दिवसाला एक केळीची साल आणि थोडा चहाचा चोथा एवढंच पचवते. सगळ्या घराचा ओला कचरा पहिल्या दिवसापासून तिच्यात जाईल अशी अपेक्षा ठेवलीत तर माझ्या मे महिन्यासारखं होईल. घरचा बराचसा कचरा संपवायला किलो-दीड किलो गांडुळं, म्हणजे दोन-तीन हजारांचा परिवार लागतो. परिस्थिती चांगली असेल तर दोन-तीन महिन्यांनी संख्या दुप्पट होते. उरलेलं गणित तुम्ही करा. थोडक्यात, वर्ष धरून चाला.

आपल्या स्वयंपाकघरातलं काय चालतं? कोथिंबीर-मेथीच्या काड्या, दुधी-दोडक्याची सालं, केळं, पपई, कलिंगड (थोडं, पाणी फार सुटतं), चहा-कॉफीचा चोथा. चहात दूध घालत असाल तर चोथा धुऊन. काय चालत नाही? मीठ, तेल, तिखट लागलेलं काहीही. म्हणजे उरलेली आमटी, लोणच्याची फोड, फोडणीचा भात बाद. दूध-दही, मासळी-मटण बाद. लिंबू-मोसंबीची सालं, कांदा-लसूण अगदी कमी. खजुराच्या बिया इथे घरोघरी निघतात, त्या वर्षभर तशाच राहतात. जे घालाल ते बारीक करून, अंथरुणाखाली पुरून, आणि आधीचं संपल्यावरच. वास आला तर समजावं की खाणं जास्त झालं. अशा वेळी खाणं थांबवायचं आणि कोरडा पुठ्ठा फाडून मिसळायचा. आप्पांच्या भाषेत, "गांडूळ उपाशी मरत न्हाई, अजीर्णानं मरतं."

फेब्रुवारीत पहिल्या गांडुळाच्या अंगावर ती पट्टी दिसली. मार्चमध्ये आमच्याच पेटीत मधाच्या रंगाचा पहिला दाणा सापडला. एप्रिलमध्ये पेटीच्या एका बाजूला खाणं देणं बंद केलं, गांडुळं दुसऱ्या बाजूला सरकली, आणि पहिलं खत निघालं. जेमतेम दीड किलो. काळं, चहापुडीसारखं, पावसानंतरच्या मातीचा वास असलेलं. ईसा टाउनमध्ये तो वास नऊ वर्षांत पहिल्यांदा घेतला. चौथी तुळस जगली. बायकोने 'वास आला तर' ही अट अजून मागे घेतलेली नाही, पण चहाचा चोथा आता तीच बाजूला ठेवते.

उन्हाळ्याचं मात्र इथे सांभाळावं लागतं. जून ते सप्टेंबर बाहेर पारा 40 च्या आसपास, आणि 35 च्या पुढे ही गांडुळं तग धरत नाहीत. सुट्टीला जाताना आपण एसी बंद करून जातो, तेव्हा बंद घराची भट्टी होते. आम्ही जुलैत भारतात गेलो तेव्हा पेटी चेट्टनच्या स्टोअररूममध्ये ठेवली. उतरवताना वॉचमन, ज्याला इथे सगळे नातूर म्हणतात, त्याने विचारलं आत काय आहे. मी शिकून ठेवलेलं अरबी वापरलं, "दूदत अल-अर्द." जमिनीतले किडे. तो दोन पावलं मागे सरकला. त्यानंतर आमच्या सामानाला कोणी हात लावलेला नाही.

कराडला पोचलो त्या दिवशी पाऊस होता. चहा झाल्यावर आप्पा काठी घेऊन उठले आणि म्हणाले, "चल." गोठ्याशेजारी ते शेड, पाचट अर्धं उडालेलं. तीन वर्षं पडून असलेल्या तीन वाफ्यांपैकी आंब्याच्या सावलीतल्या एका वाफ्यावर मात्र नवं गोणपाट होतं, ओलं. मी बघत राहिलो. मे महिन्यात त्यांनी चुलतभावाकडून तो वाफा साफ करून घेतला होता, तेव्हा आत जिवंत काही दिसलं नव्हतं. तरी त्यांनी जुनं शेण टाकलं, पाणी मारलं, झाकलं आणि गप्प राहिले. पाऊस सुरू झाला. त्यांनी काठीच्या टोकाने गोणपाटाची कड उचलली. खाली बारीक, लालसर, शेकड्याने वळवळ. आंब्याच्या मुळाशी ओल धरून कोष राहिले असतील, किंवा एखाददुसरं मोठं गांडूळ खोलात तगलं असेल. आप्पांना त्याच्या कारणात रस नव्हता. "बघ," एवढंच म्हणाले. आणि लगेच, "झाक."

आम्ही परत येऊन महिना झाला. पेटी चेट्टनकडून घरी आलीये, सगळी मंडळी खुशाल. लेकीने तिच्या मैत्रिणीसाठी 30 कोष मोजून श्रीखंडाच्या त्याच डब्यात भरून ठेवलेत. डब्याच्या झाकणावर लिहिलंय, 'आधी घर बनव.'

काल आप्पांना फोन केला. दोन्हीकडचा ओलावा, खाणं, मुंग्या, सगळं बोलून झालं. मग मी त्यांच्या चालण्याविषयी, गुडघ्याविषयी विचारायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच तोडलं.

"आता ठेव. गोणपाट भिजवायचंय."

मोबाइलवर बघितलं. 19 मिनिटं.